बनसोडे सरांचा अपुरा पाठ

मागच्या आठवड्यात आमच्या शाळेत बी.एड.च्या मुली सरावपाठाला आल्या. दर वर्षी येतात, दर वर्षी माझ्याच गळ्यात पडतात. त्यातली एक टाचणवही घेऊन पुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मॅम, विद्यार्थीकृतीच्या रकान्यात सगळीकडे 'विद्यार्थी उत्तर देतील' असं कॉपी-पेस्ट केलंय. चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल. मुलंही उत्तरं कॉपी-पेस्टच करतात."

ती हसली नाही. मीही फार हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. सही केली, वही परत दिली आणि दुपारभर मला बनसोडे सर आठवत राहिले. त्या रकान्यात खरं लिहिणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

शतक संपायला दोन-तीन वर्षं उरली होती तेव्हाची गोष्ट. पुण्यात टेक्निकलचे शिक्षक तयार करणारा एक वर्षाचा वर्ग होता. शाळेत आठवीपासून सुतारकाम, फिटिंग, वायरिंग असले विषय असायचे, ते शिकवायला शिकवणारा वर्ग. माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला होता. बरोबरच्या मुली कॉम्प्युटरचे कोर्स करून कुठे ना कुठे चिकटत होत्या. माझं गणित आणि धीर, दोन्ही बेताचंच. वडील म्हणाले, "निदान मास्तरीण तरी हो." त्या 'तरी'सकट मी प्रवेश घेतला. वर्गात आम्ही एकोणीस जण होतो. अठरा जण विशी-पंचविशीचे, नोकरी लागेपर्यंत सावलीला बसलेले. एकोणिसावे बनसोडे. वय बेचाळीस.

पहिल्या दिवशी प्राचार्यांनी आमचं स्वागत केलं. बाई भारदस्त होत्या, टेबलावर हात टेकवून बोलायच्या. त्यांनी हात टेकवला की टेबल डुगडुगायचं. 'राष्ट्राची उभारणी'पर्यंत भाषण आलं आणि मागच्या बाकावरून एक सावळा, ठेंगणा माणूस उठला, पुढे गेला आणि प्राचार्यांच्या टेबलाखाली शिरला. खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून बसचं जुनं तिकीट, त्याची चौपदरी घडी केली, पायाखाली सरकवली, टेबल हलवून पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "बोला मॅडम आता." बाईंना पुढचं वाक्य आठवेना. राष्ट्राची उभारणी तिथेच थांबली.

डुगडुगणारी वस्तू बनसोड्यांना बघवायची नाही. चहाच्या दुकानात बाकडं हललं तरी चहा बाजूला ठेवून खाली वाकायचे. लोक हसायचे. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही, कारण लोक हसतायत हे त्यांच्या लक्षातच यायचं नाही.

ते हडपसरपलीकडच्या मांजरी गावाहून यायचे. दोन बस बदलून, पुलगेटला उतरून. आयटीआय केलेले, हडपसरच्या एका कारखान्यात लाकडी साचे करायचे. मग मांजरीतल्याच एका शाळेत कार्यशाळेचे निदेशक म्हणून लागले, त्याला तेरा वर्षं झाली होती. तेरा वर्षं मुलं त्यांना 'सर' म्हणत होती, पण हजेरीपुस्तकात त्यांची सही शिपायाच्या खालच्या ओळीत व्हायची. आता संस्थेने सांगितलं होतं की प्रशिक्षण पूर्ण केलंत तर जूनमध्ये शिक्षक म्हणून कायम करायचा प्रस्ताव वर पाठवतो. नाही केलंत तर पुढचं आम्हाला सांगता येत नाही. 'सांगता येत नाही'चा अर्थ न कळायला बनसोडे काही लहान नव्हते. एक वर्षाची बिनपगारी रजा घेऊन ते आमच्यात येऊन बसले होते. आम्ही नापास झालो असतो तर घरी बोलणी खाल्ली असती. ते नापास झाले तर संपलंच.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले, कशासाठी ते आता आठवत नाही. दोन खोल्या, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि खाली एक लाकडी पेटी. शेजारचा ऊस तोडून तिथे बिल्डरचा फलक लागला होता. वहिनींनी पोहे केले होते. सर म्हणाले, "वडलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि गावकीची समदी कामं सोडली. मला म्हणायचे, हात राबवू नको, डोकं राबव. मी दोन्ही राबवलं बगा. तरी कागद पायजेच."

त्या पेटीत काय होतं? चुका. मुलांनी बिघडवलेले लाकडी सांधे, तेरा वर्षांचे. एखाद्याचा सांधा चुकला की तो फेकू द्यायचे नाहीत. "चुकलं? झ्याक झालं. आण इकडं, पुढच्या वर्गाला दाखवायला होतं." प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने मुलाचं नाव आणि काय चुकलं ते. त्यातला एक मुलगा आता इंजिनिअर झालाय, असं त्यांनी मला त्याचा वाकडा सांधा हातात देत अभिमानाने सांगितलं.

माझी आणि त्यांची गट्टी कशी जमली ते सांगते. मी डिप्लोमावाली, पण मला करवत सरळ चालवता येत नव्हती. कागदावर मी अख्खं यंत्र काढून दिलं असतं, लाकडावर एक रेघ धड कापली जात नव्हती. त्यांचं उलटं होतं. हातात काहीही द्या, जमायचं. पाठाचं टाचण मात्र जमत नव्हतं. टाचण म्हणजे उद्याचा पाठ आज लिहून काढायचा. डावीकडे शिक्षक काय करतील, उजवीकडे विद्यार्थी काय करतील. आमच्या पद्धतीचे प्राध्यापक लिमये सर होते. चष्म्यावरून बघायचे आणि माणसाला चार शब्दांत सोलून ठेवायचे. त्यांनी बनसोड्यांचं पहिलं टाचण वर्गात मोठ्याने वाचलं. डावीकडे होतं, 'शिक्षक करवतीचे भाग सांगतील.' उजवीकडे होतं, 'तीन-चार विद्यार्थी ऐकतील. बाकीचे खिडकीतून बघतील. मागचा एक जण करवत कधी हातात मिळेल असे विचारील.'

लिमये सर म्हणाले, "बनसोडे, आपण टाचण लिहिलंयत की भविष्य?"

"सर, तेरा वर्षं हेच व्हतंय."

"तेरा वर्षं होत असेल. परीक्षेच्या दिवशी पस्तीस मिनिटं होता कामा नये."

तेव्हा सौदा झाला. मी त्यांना टाचण लिहायला शिकवायचं, त्यांनी मला करवत धरायला. दुपारच्या सुटीत कार्यशाळेत ते माझ्या मागे उभे राहायचे. "घाई असंल तर ती पेन्सिलीनं करा बाई. करवतीनं नको." ते मला 'बाई' म्हणायचे, मी बावीस वर्षांची. अहो-जाहो करायचे. मी म्हटलं, अहो सर, मला नुसतं आपटे म्हणा. तर म्हणाले, "उद्या पोरं बाईच म्हणणार ना? मग सवय लागू दे तुमाला." घरी मला कोणी इतकं गंभीरपणे घेत नव्हतं.

मी मात्र त्यांना चांगलंच पिळून काढलं. प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, संकलन, गृहपाठ. प्रस्तावनेचे प्रश्न असे विचारायचे की मुलांच्या तोंडूनच पाठाचं नाव बाहेर आलं पाहिजे. लाकडाचा सांधा शिकवायचा असेल तर विचारायचं, आपल्या शरीरात सांधे कुठे कुठे असतात? मुलं म्हणणार, गुडघा, कोपर. मग म्हणायचं, तर आज आपण लाकडाचा सांधा शिकू. अगदी साधं. सरावपाठाला त्यांनी हेच विचारलं. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, आजीचे दुखतात ते." आता इथे 'शाब्बास' म्हणून पुढे जायचं असतं. बनसोडे तिथेच थांबले. "लई दुखतात का? कवापास्नं?" मग दुसऱ्या एकीची आजी निघाली. कुठलं तेल लावतात, खाली बसता येतं का. एवढ्यात निम्मा तास गेला. लिमये सरांनी वहीत शेरा लिहिला, 'दवाखाना उत्तम. पाठ कुठे आहे?'

पण एका गोष्टीत त्यांच्यापुढे माझी मात्रा चालली नाही, लिमये सरांचीही नाही. तास संपायच्या आधी ते हत्यारं मोजायचे. करवती, काटकोन बघायचे गुण्ये, लाकूड खाचायच्या धारदार पटाश्या, सगळी आपापल्या खिळ्यावर परत लागायची आणि ते मोठ्याने मोजायचे. एक जरी कमी असलं तरी मुलांनी दोन्ही हात बाकावर ठेवून उभं राहायचं, मिळेपर्यंत. दप्तरं तपासायची नाहीत. कोणावर संशय घ्यायचा नाही. फक्त थांबायचं. मी म्हटलं, टाचणात याला रकाना नाही. ते म्हणाले, "कारखान्यात आमच्या एका हेल्परच्या पोरानं घरी पटाशी नेली व्हती. खेळायला. पुढचं सांगत न्हाई तुमाला." आणि खरंच त्यांनी पुढचं कधी सांगितलं नाही.

वार्षिक पाठाची परीक्षा बुधवार पेठेजवळच्या एका शाळेत होती. बाहेरून परीक्षक आले होते. गोरे, दमलेले, उन्हाने वैतागलेले गृहस्थ. सकाळपासून पाच पाठ बघून झाले होते. बनसोड्यांचा सहावा. सुटीनंतर माझा. प्रत्येक पाठाला सोबतच्या एका विद्यार्थ्याने निरीक्षक म्हणून मागे बसायचं असतं, त्यांच्या पाठाला मी बसले. परीक्षकांच्या शेजारी, एकाच बाकावर. आमच्या मागच्या भिंतीवर चोवीस पटाश्या टांगायची, खिळे मारलेली लाकडी पाटी होती.

पाठ छान चालला होता. मनापासून सांगते, त्या वर्षी मी बघितलेला सर्वांत चांगला पाठ तो होता. आजीचा प्रश्न त्यांनी काढून टाकला होता. त्याऐवजी हातात एक वाकडा सांधा घेऊन विचारलं, "यात काय चुकलंय?" आणि वीसेक मुलं एकदम पुढे झुकली. मुलांनी फळ्या खाचल्या, एकमेकींत बसवल्या. परीक्षकसुद्धा एकदा "हं" म्हणाले. ते गुण आधी पेन्सिलीने मांडत होते. मध्येच टोक मोडलं. त्यांनी मागे हात करून पाटीवरची एक पटाशी काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि पटाशी बाकावर ठेवली. त्यावर फाइल आली. मी हे सगळं बघितलं आणि मला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. पटाशीने पेन्सिल सोलली हे बनसोड्यांनी बघितलं नाही, हे बरं झालं, एवढंच मनात आलं.

दहा मिनिटं उरली. मुलांनी पटाश्या पाटीवर टांगल्या आणि जागेवर गेली. बनसोडे मोजत आले. "बावीस. तेवीस." शेवटचा खिळा मोकळा होता.

"हात बाकावर ठेवा पोरांनो. हुबे ऱ्हावा."

मुलं उभी राहिली. संकलनाचे प्रश्न राहिले होते, गृहपाठ राहिला होता. फळ्यावर मीच त्यांच्याकडून घोटून घेतलेली जागा कोरी होती.

परीक्षक म्हणाले, "बनसोडे, पुढे चला. वेळ जातोय."

"साहेब, एक पटाशी कमी हाय."

"मिळेल हो नंतर. पाठ संपवा."

"पोराच्या दप्तरात असंल तर पाठ संपवून काय करू साहेब?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी खाली बघितलं. परीक्षकांच्या बुटाशी पेन्सिलीची सालपटं पडली होती. एक वाक्य म्हणायचं होतं. 'सर, आपल्या फाइलखाली बघता का?' मी ते मनात तीनदा जुळवलं. एकदा फार उद्धट वाटलं, एकदा फार लाचार. खरं कारण वेगळंच होतं. सुटीनंतर माझा पाठ होता आणि गुण याच पेन्सिलीने मांडले जाणार होते. मी निरीक्षणवहीत डोकं घातलं. मी भित्री होते, दुसरं काही नाही.

बनसोड्यांनी वर्गावरून नजर फिरवली. मग आमच्या बाकाकडे बघितलं. क्षणभराने ते मुलांना म्हणाले, "हात खाली घ्या. बसा समदी." पण ते स्वतः पाठाकडे वळले नाहीत. तिथेच, पाटीसमोर, हात मागे बांधून उभे राहिले. मला तेव्हा कळेना, मुलांना सोडलं तर आता हे कसली वाट बघतायत? मिनिटं गेली. बाहेर पुढच्या वर्गाची मुलं गोळा झाली. घंटा झाली.

परीक्षक संतापून उठले, फाइल उचलली आणि पटाशी फरशीवर पडली. आवाज चांगलाच झाला. एक मुलगा फिसकन हसला.

"हे इथे कसं आलं?" परीक्षक म्हणाले.

"असू द्या साहेब," बनसोडे म्हणाले. त्यांनी पटाशी उचलली, धारेवरून अंगठा फिरवला, बाहीने पुसली आणि खिळ्याला लावली. "चोवीस. जावा पोरांनो."

माझा पाठ उत्तम झाला. जिन्यातला दिवा वरून आणि खालून कसा लावता येतो, तो. शेरा होता, 'आवाज खणखणीत. आत्मविश्वास उल्लेखनीय.' बनसोड्यांच्या कागदावर होतं, 'पाठ अपूर्ण. संकलन नाही, गृहपाठ नाही. वर्गनियंत्रण सदोष.' मे महिन्यात निकाल लागला तेव्हा एकोणीस जणांत ते एकटे नापास होते. लिमये सर फलकासमोर उभे राहून तो निकाल बराच वेळ वाचत होते. त्या दिवशी त्यांनी कोणालाही काही टोमणा मारला नाही.

सहा महिन्यांनी बनसोड्यांनी फेरपरीक्षा दिली. तोच पाठ, आणि या वेळी पूर्ण. पास झाले. पण जूनमधला प्रस्ताव त्यांच्याविनाच गेला होता आणि दिवाळीच्या सुटीत संस्थेने कार्यशाळा रिकामी करून तिथे वीस कॉम्प्युटर बसवले होते. सगळ्याच शाळा तेव्हा तेच करत होत्या. पालक प्रवेशाच्या वेळी करवत दाखवा म्हणत नव्हते. सुतारकामाचं पदच बंद झालं. तेरा वर्षांचा माणूस बाहेर कसा काढायचा म्हणून त्यांना कॉम्प्युटर-खोलीच्या देखरेखीला ठेवलं. प्रशिक्षित शिक्षक, आणि काम काय, तर मुलं चपला बाहेर काढतात की नाही ते बघायचं. हे सगळं मला त्यांच्या पत्रातून कळलं. पत्र साधंच होतं, तक्रारीचा सूर नव्हता. शेवटी लिहिलं होतं, 'करवत रोज धरता ना?' मी रोज धरत नव्हते. मी त्या पत्राला उत्तर दिलं नाही.

तीन वर्षं लागली मला मांजरीला जायला. हडपसरला पेपर तपासायला गेले होते, काम लवकर आटोपलं, आणि पाय आपोआप त्या बसमध्ये चढले असं म्हणणार नाही. मी दोन बस सोडल्या आणि तिसरीत बसले. शेतं संपून इमारती उभ्या राहिल्या होत्या. शाळेत विचारलं तर शिपाई म्हणाला, "आत तासाला बसल्यात."

तासाला बसल्यात, हे खरंच होतं. काचेच्या दाराआड आठवीचा वर्ग होता, पुढे कंपनीने पाठवलेली विशी-बाविशीची मुलगी शिकवत होती आणि मागच्या बाकावर दोन मुलांच्या मध्ये बनसोडे सर बसले होते. केस पांढरे झालेले. एक मुलगा माऊस चालवत होता आणि ते त्याच्या हाताकडे बघत होते, मान तिरकी करून. मी दिसले तशी ते उठून बाहेर आले.

"या बाई. शिकतोय जरा. पोरं मला विचारतात आणि मला काय सांगता येत न्हाई. बरं न्हाई दिसत ते."

घरचं झालं, तब्येतीचं झालं. लिमये सर निवृत्त झाले हे त्यांना माहीत होतं. मग मी बोलून टाकलं. "सर, त्या दिवशी पटाशी फाइलखाली होती, ते मला ठाऊक होतं."

"हां," ते म्हणाले. "मला कळलं व्हतं."

"कसं?"

"मी तुमच्याकडं बगितलं तवा तुमी वहीत बगत व्हता. लिहीत काय नव्हता. म्हटलं, पोरांच्यापाशी न्हाई. म्हणून त्यांना बसवलं."

"मग तुम्ही परीक्षकांना का नाही विचारलंत?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. मांजरीच्या बनसोड्याने पेठेतल्या साहेबाला फाइल उचला म्हणायचं, हे मी किती सहज विचारलं होतं.

"माझं त्यांनी ऐकलं नसतं बाई. तुमचं ऐकलं असतं. म्हणून तर थांबलो." आवाजात राग नव्हता. एखाद्या मुलाचा सांधा कुठे चुकला ते सांगावं, तसं सांगत होते. "म्हटलं, बाई बोलतील."

दार उघडून ती मुलगी म्हणाली, "सर, येताय ना? माऊस मोकळा झालाय."

"आलो मॅडम," म्हणून त्यांनी चपला काढल्या आणि ते आत गेले. मागच्या बाकावरच्या दोन्ही मुलांनी सरकून त्यांना जागा दिली. मी 'येते' म्हटलं. काचेचं दार लागलं होतं आणि आत एसी चालू होता, तेव्हा त्यांना ते ऐकू गेलं नसावं.